चिमूटभर मीठ आणि मागच्या बाकावरचा प्रश्न



मिठाच्या सत्याग्रहाचा धडा आपण सगळेच शिकवतो. दांडीची यात्रा, २४० मैलांची वाट, ६ एप्रिल १९३० ही तारीख. मुलं घडाघडा म्हणून दाखवतात. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, पण अधूनमधून शाळांतूनही बोलावणं येतं. मुंबईत लालबागकडच्या एका शाळेत मी असाच बोललो, टाळ्या झाल्या, आणि मागच्या बाकावरचा सहावीतला एक मुलगा उभा राहिला. वडिलांचं लहानसं दुकान. म्हणाला, "सर, मग आमचे बाबा कर भरतात, ते चुकतात का?"

मी हसलो. "मोठा झालास की कळेल," म्हणालो, आणि तेवढ्यात घंटा झाली. खरं सांगतो, घरी जाताना मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं हा धडा मी शिकवत होतो, पण त्यातला खरा प्रश्न एका दुकानदाराच्या मुलाने विचारला आणि मी तो टाळला. त्यानंतर हा धडा मी निराळ्या रीतीने शिकवू लागलो. ती रीत आज तुमच्यापुढे ठेवतो.

आरंभ गणिताने करावा. १९३० साली एका सरकारी मणाला सव्वा रुपया कर होता. मण म्हणजे ४० शेर, रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. मुलांना पाटीवर करू द्या. शेराला ६ पै, म्हणजे अर्धा आणा येतो. मुलं म्हणतील, "एवढंच?" म्हणू द्यात. मग दुसरं गणित घाला. मार्च १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना जे पत्र लिहिलं, त्यात त्यांनीच हे आकडे दिले होते : व्हाइसरॉयना रोजचे ७०० रुपयांहून अधिक, आणि हिंदी माणसाची सरासरी मिळकत रोजची जेमतेम दोन आणे. किती पट झाली? ५,६०० पट. आता विचारा, व्हाइसरॉयसाहेब ५,६०० पट मीठ खात होते का हो? उलट उन्हात घाम गाळणाऱ्यालाच मीठ जास्त लागतं, आणि त्याच्या बैलालाही. इथे वर्ग गप्प होतो.

पण नुसत्या पैशावर थांबू नये. नाहीतर मुलांची समजूत होते की ही लढाई स्वस्त मिठासाठी होती. परवान्यावाचून मीठ करणं हा गुन्हा होता. समुद्राने किनाऱ्यावर आपण होऊन टाकलेलं मीठ उचललं, तरी गुन्हा.

आणि लोक एकदम उठून कायदा मोडायला गेले, असंही नाही. हा भाग आपल्या पुस्तकांतून बहुधा गळलेला असतो. १९०२ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी अंदाजपत्रकावरच्या भाषणात या कराचा हिशेबच मांडला. तेव्हा मणाला अडीच रुपये पडत. पुढल्याच वर्षी तो दोन रुपये झाला, १९०५ त दीड, १९०७ त एक. म्हणजे बोलण्याचा उपयोग काही होत नव्हता असं नाही. पण १९१६ त तो पुन्हा सव्वा रुपयावर गेला, आणि १९२३ साली सरकारने तो दुप्पट करायचं ठरवलं. कायदेमंडळात मत घेतलं गेलं. लोकांच्या प्रतिनिधींनी "नाही" म्हटलं. तेव्हा लॉर्ड रेडिंग यांनी आपला खास अधिकार वापरून तो कर बसवलाच! वर्षभराने तो पुन्हा सव्वा रुपयावर आणला, ही गोष्ट अलाहिदा. माझ्या मते सगळ्या धड्याचं मर्म या १९२३ सालात आहे. दर कमीजास्त होईल; पण तुमच्या "नाही"ला किंमतच नसेल, तर मग काय करायचं?

याचं उत्तर सात वर्षांनी आमच्या मुंबईने दिलं. गिरगाव चौपाटीवर चुली पेटल्या. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले पुढे होत्या. काँग्रेस हाऊसच्या गच्चीवर मीठ होऊ लागलं. कमलादेवींनी तर मिठाच्या पुड्या शेअरबाजारात नेऊन विकल्या. आणि दादर-परळपासून जवळच्याच वडाळ्याच्या मिठागरांवर मे महिन्यात धाडी सुरू झाल्या. १ जून १९३० रोजी तिथे सुमारे १५ हजार लोक लोटले. नुसते स्वयंसेवक नव्हेत, बघायला आलेलेही आत शिरले, बायकामुलंसुद्धा. घोडेस्वार पोलिसांसमोर चिखल तुडवीत मुठी भरून घेतल्या. आज वडाळ्याला गाडीतून उतरणाऱ्याला याची दादही नसते. मुंबईच्या शिक्षकांनी मुलांना एकवार तिथे जरूर न्यावं.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावाला समुद्र कुठला? अकोल्याकडे दहीहांड्यालाही नव्हता. तिथल्या लोकांनी १९३० च्या एप्रिलात खाऱ्या विहिरीचं पाणी काढून मीठ केलं. आणि जिथे मीठच नव्हतं, तिथे जंगलचा कायदा निघाला. पुसदला जुलैत गवत कापलं गेलं, उरणजवळ चिरनेरला २५ सप्टेंबरला गोळीबार झाला, माणसं मेली. तुमच्या तालुक्यात काय घडलं, ते गावातल्या म्हाताऱ्या मंडळींना विचारा. त्यांच्या आईबापांकडून त्यांनी काही ऐकलेलं असेल.

आता त्या मुलाचा प्रश्न. हल्ली मी म्हणतो, "बाबा चुकत नाहीत." मिठावरचा तो कर १९४७ साली उठला; आज मिठावर वस्तू व सेवा कर नाही, पण बिस्किटाच्या पुड्यावर आहे, आणि गावात घरपट्टी आहे, पाणीपट्टी आहे. शाळा, रस्ता, दवाखाना त्यातून चालतो. फरक इतकाच की ग्रामसभेत उभं राहून तुझ्या बाबांना हिशेब मागता येतो आणि मत देता येतं. यावर एका मुलीने मला ताडकन विचारलं, "आणि तरीही नाही ऐकलं तर?" तिला काय सांगणार? मी गोखल्यांची ती चार-पाच वर्षं पुन्हा फळ्यावर लिहिली, आणि त्यांच्याखाली १९२३ लिहिलं. मुलं त्यावर घंटा होईपर्यंत भांडली. मी मध्ये पडलो नाही.

घरपट्टीची एखादी जुनी पावती वर्गात आणा. आणि एका पसरट थाळीत मिठाचं पाणी घालून खिडकीत ठेवा. समुद्राचं असेल तर लिटराला साधारण ३५ ग्रॅम मीठ निघतं. कडेला पांढरी रेघ धरायला काही दिवस लागतात. पावसाळ्यात मात्र हा पाठ घेऊ नका, पाणी हटत नाही आणि मुलं कंटाळतात.