मुलीला नर्सिंगला घालताना

बारावीचा निकाल लागला की खेड्यापाड्यांत घरोघरी एकच बोलणे सुरू होते. आता पुढे काय? डॉक्टरकीचा खर्च झेपायचा नाही, मास्तरकीची नोकरी लागेलच असा भरवसा नाही. मग कुणीतरी सुचवतो, "पोरीला नर्सिंगला घाला. आजारी माणसं काही कमी व्हायची नाहीत." सल्ला वाईट नाही. परिचारिकेचे काम मानाचे आहे, आणि हाताला खरी सवय असली तर ते मिळतेही. (हल्ली मुलगेही जातात, बरं का, मी मुलगी म्हणेन तिथे त्यांनाही धरावे.) पण त्याच सुमारास तालुक्याच्या स्टँडवर फलक लागतात : 'प्रवेश सुरू. शंभर टक्के नोकरी.' कुणी ओळखीचे गृहस्थ मोटारसायकलवरून घरी येतात, चहा घेतात, आणि इथे नाही तर बंगळूरला 'सीट' करून देतो म्हणतात. पैसे मोजण्याच्या आधीची ही जी घटका आहे, तिच्याविषयी आज मला बोलायचे आहे. शिक्षक बंधुभगिनींनी विशेष ऐकावे, कारण गावात असा सल्ला विचारायला लोक तुमच्याकडेच येतात.

एके काळी या शिक्षणाचा व्यवहार उलटा होता. आधी मोठे रुग्णालय असे आणि शाळा त्याच्या आवारात असे. मुलीला राहायला जागा, दोन वेळचे जेवण आणि वर थोडे विद्यावेतन मिळे. त्या बदल्यात ती वॉर्डात राबे. काम फार घेत, हा त्या पद्धतीचा दोष होता आणि तो लहान नव्हता. पण बापाला कर्ज काढावे लागत नसे. आता पुष्कळ ठिकाणी शाळा आधी उभी राहते, इमारतीला रंग लागतो, आणि रुग्णालय मागाहून येते. कधी कधी नुसते कागदावर येते. कायद्याने पाहिले तर आपल्याकडे शिक्षण हा नफेखोरीचा धंदा नाही. टी. एम. ए. पै फाउंडेशनच्या खटल्यात 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की संस्थेने वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवायला हरकत नाही, नफेखोरी मात्र नको. महाराष्ट्रात कॅपिटेशन फीला बंदी करणारा कायदा 1987 पासून आहे. तरीही ट्रस्टच्या पाटीआड दुकान कसे चालते, ते तुम्हांला मी सांगायला नको. सगळ्याच खाजगी शाळा तशा आहेत असे मुळीच नाही; काही फार चांगल्या आहेत. प्रश्न हा, की बाहेरून आलेल्या माणसाने त्या ओळखायच्या कशा?

पहिली गोष्ट सोपी आहे. अभ्यासक्रम तीन : एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. पदवीला बारावीचे विज्ञान लागते. बाकीचे दोन कला शाखेची मुलगीही करू शकते. एएनएम-जीएनएमची परीक्षा राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. पदवी, अभिमत विद्यापीठे सोडली तर, नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. आणि शेवटी नाव नोंदवायचे ते महाराष्ट्र परिचर्या परिषदेत. ही नोंदणी झाली तरच ती मुलगी परिचारिका. 'पेशंट केअर', 'नर्सिंग असिस्टंट' असल्या नावांचे सहा महिन्यांचे, वर्षाचे वर्ग तालुक्याच्या गावी निघतात. त्यांची फी कमी वाटते, पण त्या दाखल्यावर नोंदणी होत नाही. तेव्हा एकच विचारावे : "हा कोर्स करून परिषदेत नाव लागेल का? लेखी द्याल का?" उत्तराला वेळ लागला, तर आल्या वाटेने परत फिरावे.

आता मुख्य गोष्ट. नर्सिंग फळ्यावर शिकता येत नाही. सलाईन लावणे, ताप-नाडीचा तक्ता ठेवणे, जखम बांधणे, बाळंतिणीजवळ रात्र काढणे हे सारे खाटेशेजारी शिकायचे असते. म्हणून दोन शाळांची तुलना करताना मी आधी फी विचारत नाही. खाटा विचारतो, आणि नुसत्या खाटा नव्हे, तर त्यांवर माणसे किती आहेत ते.

भारतीय परिचर्या परिषदेने घालून दिलेला निकष असा, की शाळेचे स्वतःचे किमान 100 खाटांचे रुग्णालय हवे, त्यातल्या 75 टक्के खाटा भरलेल्या हव्यात, आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हवेत. एका वेळी 30 मुली वॉर्डात असल्या, तर 90 रुग्ण पाहिजेत. म्हणजे 120 खाटांचे रुग्णालय आणि तेही तीन-चतुर्थांश भरलेले. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हाही निकष आहे. हे आकडे वहीत लिहून घ्या आणि मग स्वतः जाऊन पाहा. तपासणीच्या दिवशी नको, उद्घाटनाच्या दिवशी तर नकोच. साध्या मंगळवारी किंवा बुधवारी, सकाळी दहा-अकराला, कुणाला न कळवता जावे. बाहेरच्या खिडकीपाशी केसपेपर काढायला रांग आहे का? वॉर्डात नातेवाईक डबे घेऊन बसलेत का, की गाद्यांवरचे प्लास्टिकही अजून निघालेले नाही? प्रसूतिकक्ष चालू आहे का? प्रत्येक मुलीला ठरावीक बाळंतपणे करून त्यांची नोंदवही भरावी लागते. जिथे बाळंतिणीच येत नाहीत, तिथे ती वही कशी भरत असतील याचा विचार तुम्हीच करा. आणि पुढे त्या हातांत कुणाची तरी लेक बाळंतपणाला येणार आहे.

संस्था म्हणेल, आमच्या मुली जिल्हा रुग्णालयात जातात. चालेल. पण किती दिवस, कोणत्या बसने, बसचे भाडे कोण देतो, आणि तिथे त्यांच्याबरोबर शाळेचा शिक्षक असतो का, हे विचारावे. एकाच सरकारी वॉर्डात चार-पाच शाळांच्या मुली एकदम गेल्या, तर एका रुग्णाभोवती जत्रा होते. शिकणे होत नाही. ही माहिती ऑफिसात मिळत नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना मेसमध्ये गाठा. मुली खरे सांगतात.

मग फी. संस्थेचा माणूस वर्षाचा आकडा सांगतो, तुम्ही चार वर्षांचा काढा. त्यात वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तके, परीक्षा शुल्क, अनामत, बसभाडे आणि वर्षातून चार वेळा घरी येण्याजाण्याचा खर्च मिळवा. फीचा आकडा लहान आणि 'इतर' मोठे, असे पुष्कळदा निघते. खाजगी महाविद्यालयांची पदवीची फी ठरवायला राज्यात 2015 च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आहे. मंजूर फी त्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. शाळेतल्या संगणकावर गुरुजींना दहा मिनिटे लागतील. त्याहून जास्त कुणी मागितले तर पावती मागावी. न पावतीचा पैसा देऊ नये. चारही वर्षांची फी एकदम मागितली तरी देऊ नये. एका वेळी एका वर्षाचीच घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2003 सालीच सांगितले आहे.

कर्ज काढायचे असेल तर ते असे मोजा. समजा, दर वर्षाच्या आरंभी 75,000 रुपये उचलले, चार वर्षांत 3 लाख. व्याज सरळ दहा टक्के आणि परतफेड पाच वर्षांनी सुरू. तोवर व्याजच 1 लाख 5 हजार होते. मग 4 लाख 5 हजारांची फेड सात वर्षांत करायची तर महिन्याचा हप्ता सुमारे 6,700 रुपये. आता मुलीला लहान खाजगी दवाखान्यात 15,000 रुपये मिळाले असे धरा. खोलीभाडे आणि जेवण देऊन हाती काय उरेल, ते तिलाच मांडायला सांगा. गणित तिला येते.

पगाराविषयी एक गोष्ट माहीत असावी. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने शिफारस केली, की 50 पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला 20,000 पेक्षा कमी पगार नसावा, आणि 200 च्या वर खाटा असतील तर तो राज्य सरकारच्या बरोबरीचा असावा. शिफारस चांगली होती. अंमल मात्र राज्यांवर सोडला गेला, आणि जाहिरातीतल्या 'शंभर टक्के नोकरी'त पगाराचा आकडा नसतो तो यामुळेच. गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेल्या दहा मुली कुठे आहेत आणि काय घेतात, हे विचारायला संकोच करू नका.

कुणी म्हणेल, हे सगळे पाहून जीव घाबरा होतो, मग करायचे काय? आधी सरकारी जागेसाठी धडपड करावी, तिथली फी फार कमी असते. आणि खाजगीतच जायचे झाले, तर दार कोणते ते पाहावे. पदवीला राज्याची सीईटी आणि त्यानंतर केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या असतात. जुलै 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने निर्णय केला, की इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत आहे, त्यांचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अनुसूचित जाती-जमातींसाठी निराळ्या सवलती आहेत. पण ही माफी केंद्रीभूत फेरीतून मिळालेल्या जागेला आहे. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला नाही. महाविद्यालय तेच, बाकही तोच. एका मुलीची फी सरकार भरते आणि शेजारच्या मुलीच्या बापाने दोन म्हशी विकलेल्या असतात. फरक एवढाच, की त्याने जूनमध्येच मोटारसायकलवाल्याला 'सीट पक्की' म्हणून पैसे दिले. फॉर्मची तारीख चुकली म्हणून हे होते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर ही कागदपत्रे तहसिलातून निघायला वेळ लागतो. ती बारावीच्या दिवाळीतच काढायला लावावीत, आणि वर्गातल्या कोणत्या मुलींना सीईटीचा फॉर्म भरायचा आहे त्याची यादी गुरुजींनी स्वतःच्या वहीत ठेवावी.

राहता राहिले मूळ दाखले. प्रवेशाच्या वेळी ते दाखवायला हवेत, पडताळून घ्यायला हवेत; पण तिथेच ठेवून घेतो असे कुणी म्हणाले, तर त्यांची सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये, आणि ते परत कधी मिळणार याची तारीख त्या पोचेवर लिहून घ्यावी.