पूर्णा : अक्षरं दोन, खुणा सहा



वेबसाइटचं काम करते म्हटलं की इकडे हमखास विचारतात, “म्हणजे नेमकं काय करतीस गं?” एक उदाहरण सांगते, आपल्या गावाचंच.

जंक्शनच्या पाटीवरच्या ‘पूर्णा’त अक्षरं किती? बाईंच्या हिशेबानं दोन, पू आणि र्णा. संगणक मोजतो सहा : प, दीर्घ ऊकार, र, हलन्त, ण, काना. युनिकोडमध्ये या प्रत्येक खुणेला स्वतंत्र क्रमांक आहे आणि यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकीला ३ बाइट लागतात. म्हणजे आपलं गाव १८ बाइटचं. इंग्रजीत लिहिलं तर ५.

आता जागा कमी म्हणून एखाद्या प्रोग्रॅमनं तिसऱ्या खुणेवर शब्द तोडला, की ‘पूर्णा’चा ‘पूर’ होतो. नदीकाठच्यांना आणखी काय सांगू! पण असंच पीकविम्याच्या अर्जावर आडनावाचं झालं तर कागद जुळत नाहीत, आणि हेलपाटे शेतकऱ्याला पडतात.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ सरांनी घोकून घेतलेले आठवतात ना? त्यातला ‘ऱ्य’ दोन पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना सारखाच दिसतो, यंत्राला मात्र निराळा. त्यामुळे ‘कऱ्हाडे’ यादीत असूनही शोधल्यावर सापडत नाहीत. हे कळायला मला, खरं सांगते, दोन दिवस लागले होते.

म्हणून टीममध्ये नवं कुणी आलं की मी चाचणीला आधी मराठी नावं देते. इंग्रजी नावं काय, पहिल्या फटक्यात पास होतात.

जेवणानंतर ज्यांना आपलं नाव मोजून हवंय त्यांनी माझ्याकडे यावं. जोडाक्षरवाले आधी!