बुडबुड्याचा तडाखा

श्रोतेहो, वैशाखात विहिरीचे पाणी खोल गेले की आमच्या तिवसा भागात पंपाचा आवाज बदलतो. आत खडे भरल्यासारखा तो खडखडू लागतो. उघडून पाहावे तर खडा एकही नाही. पण पंख्याच्या पात्यांवर देवीच्या व्रणांसारखे खळगे. हे काम बुडबुड्यांचे. पाण्यावरचा दाब फार उतरला की ते न तापवताच उकळते आणि वाफेचे बारीक बुडबुडे होतात. दाब वाढताच ते मिटतात, आणि मिटताना पाण्याची सूक्ष्म धार पात्यावर आपटते. लॉर्ड रॅले यांनी 1917 साली याचे गणित मांडले. शिक्षकबंधूंनी बिनसुईच्या नव्या पिचकारीत थोडे कोमट पाणी घ्यावे, तोंड बोटाने दाबून दट्ट्या ओढावा. बुडबुडे मुलांना दिसतील.

लोखंडाची ही गत, मग जिवंत पेशीचे काय? तिचे आवरण केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाइतके! आता मुतखड्याचा उपचार पाहा. 1980 च्या फेब्रुवारीत म्युनिक येथे प्रथमच एका रुग्णाचा खडा चिरफाड न करता, बाहेरून आघात-तरंग सोडून फोडला गेला. आपले मांस बहुतांशी पाणीच, म्हणून तरंग त्यातून सुखरूप जातो आणि टणक खड्यावर फुटतो. पण तरंगामागून दाब उतरतो, बुडबुडे उठतात. ते खडा कोरतात, तसेच मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्याही फाडतात. उपचारानंतर लघवी एक-दोन दिवस लालसर होते ती यामुळेच.

म्हणून घाई नको. मिनिटाला 120 ऐवजी 60 तडाखे दिले तर इजा कमी होते, आणि गंमत अशी की खडाही अधिक चांगला फुटतो. कारण मागचे बुडबुडे विरायला अवसर मिळतो, नाहीतर तेच पुढच्या तरंगाचा जोर गिळतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना आधी सांगावी. गरोदर बाईला हा उपचार देत नाहीत.

हाच तडाखा रोगजंतूंवर पडला तर? मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. अनिरुद्ध पंडित व त्यांच्या विद्यार्थ्यांनी पाणी अरुंद भोकांतून जोराने ढकलून त्यात असे बुडबुडे उठवले आणि जंतूंच्या पेशी फोडून दाखवल्या. क्लोरीनची जोड दिली तर ते कमी लागते. पंपवाल्या शेतकऱ्याला जो बुडबुडा नको, तोच तिथे मुद्दाम बोलावतात.