वहीत नोंद हवी

(गतवर्षीच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान वक्ते येतात. मी डिप्लोमा केलेला रेल्वे इंजिनिअर. रूळ, स्लीपर आणि खडी यापलीकडे माझा अभ्यास नाही. चिटणीसांनी "रेल्वेवर बोला" असे सुचवले होते. मी मात्र आज माझ्या पत्नीच्या नोकरीबद्दल बोलणार आहे. त्यात माझी एक चूकही कबूल करायची आहे, ती शेवटी सांगतो.

पत्नी एका लिबरल आर्ट्स विद्यापीठात कला विभागाची ग्रंथपाल आहे. रोज अहमदाबादला अपडाऊन करते. लिबरल आर्ट्स म्हणजे काय, हे आधी मलाही माहीत नव्हते. तिथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी चित्रकलेचा इतिहास शिकतो आणि संगणकाचा विद्यार्थी नाटकाच्या तासाला बसतो. त्यामुळे कला विभागात येणाऱ्याला कलेतले काही कळत असेलच असे नाही. "लाल पगडीवाल्या माणसाचे जुने चित्र हवे," एवढीच खूण घेऊन एखादा मुलगा येतो. कुठे पाहिलेस, कागदावरचे की भिंतीवरचे, असे विचारत विचारत ती त्याला नेमक्या कपाटापर्यंत नेते.

ग्रंथपाल म्हणजे शिक्का मारून पुस्तक देणारा, अशी माझी समजूत होती. एकदा ती पिंगुळीच्या चित्रकथीवरचे पुस्तक घेऊन बसली होती. सिंधुदुर्गातले ठाकर कलाकार चित्रे दाखवत रामायण-महाभारतातल्या कथा गातात, कळसूत्री बाहुल्याही नाचवतात. ती म्हणाली, "अहो, सांगा, हे कुठे ठेवू?" ड्युईच्या दशांश पद्धतीत भारतीय चित्रकला ७५९.९५४ मध्ये, बाहुल्यांचे खेळ ७९१.५३ मध्ये आणि संगीत ७८० मध्ये. पुस्तक एक, जागा तीन! पुस्तक एकाच ठिकाणी राहणार, पण नोंद तिन्ही विषयांखाली करायची. गाडी एकाच फलाटावर लागते, पण घोषणा सगळ्या स्टेशनात ऐकू येते, तसेच हे.

जपणूक हा तिच्या कामाचा दुसरा भाग. चित्रांच्या पुस्तकांचा चकचकीत आर्ट पेपर भिजून वाळला की पाने एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना चित्रासकट फाटतात. म्हणून पावसाळ्यात खिडकीजवळचे कप्पे ती रोज हाताने चाचपते. पूर्वी कलेचा इतिहास स्लाइड दाखवून शिकवत. कोडॅकने २००४ साली स्लाइड प्रोजेक्टर बनवणे बंद केले, पण जुने डबे उरलेच. जुन्या ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला की ती खराब होऊ लागली असे समजायचे. त्यामुळे डबा उघडला की ती आधी वास घेते. आमचा कीमन रोज रुळावरून चालत जातो आणि सैल चावी ठोकून बसवतो. त्याची आठवण मला होते.

ती प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिका, चारपानी पुस्तिका आणि नाटकाच्या जाहिरातीही फायलीत ठेवते. चित्रकाराचे पहिले प्रदर्शन कधी, कुठे झाले, हे पुष्कळदा अशाच कागदावरून कळते.

आपल्या बडोद्याला हे नवे नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावले, राज्यात ग्रंथालयांचे जाळे विणले, लाकडी पेट्यांतून फिरती वाचनालये खेडोपाडी पाठवली. १९५० साली इथल्या विद्यापीठात ललित कला शाखा सुरू झाली आणि बेंद्रे यांच्यासारखे चित्रकार तिथे शिकवू लागले. अशा गावात राहून मी काय केले, ते आता ऐका.

दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी पत्नीकडे आली. गुजरातेतल्या मराठी छपाईवर तिचा प्रकल्प होता. पत्नी उत्साहाने म्हणाली, "आमच्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका आहेत, आणून देते." मी गप्प. कारण सहचिटणीस असताना रंगकामासाठी कपाट रिकामे करताना दोन पोती स्मरणिका मीच रद्दीत घातल्या होत्या. आलेल्या पैशांत कार्यकर्त्यांनी चहा-फाफडा खाल्ला.

तिसऱ्या दिवशी मी तिला सांगितले. ती रागावली नाही. एवढेच विचारले, "कोणकोणत्या वर्षांच्या होत्या?" मला सांगता येईना, यादीच नव्हती. काय गेले हेही कळायला मार्ग नाही! आणि हा मी कोण? बदललेल्या प्रत्येक रुळाची रजिस्टरला नोंद करणारा. बी.बी. अँड सी.आय.च्या काळातले एका पुलाचे रेखाचित्र कुणा कारकुनाने जपले होते, म्हणून आमची दुरुस्ती एकदा सोपी झाली. त्या कारकुनाला मी मनोमन हात जोडले होते.

पुढे आपल्यातल्याच एका काकूंच्या ट्रंकेत १९७४ सालचा अंक निघाला. वर्गणीदारांच्या यादीत माझ्या वडिलांचे नाव होते, पुढे रुपये अकरा. ते बडोद्याला नोकरीवर आले, ते पहिले वर्ष. वडील आता नाहीत. ते पान मी पुन्हा पुन्हा पाहिले. मी विकलेल्या पोत्यांत आपल्यापैकी कितीजणांच्या घरची अशी पाने गेली असतील, हा विचार पाठ सोडत नाही.

म्हणून विनंती करतो. माळ्यावर, ट्रंकेत पाहा. अंक फाटका असला तरी चालेल. सेलोटेप मात्र लावू नका, त्याचे डाग जात नाहीत. स्कॅन करून मूळ प्रत परत देऊ. पत्नीने वही आखून दिली आहे आणि आजवर नऊ अंक नोंदले गेले आहेत. यंदाच्या स्मरणिकेची पहिली प्रत बाप्पापुढे ठेवू आणि दुसरीवर दाखल क्रमांक घालू. वही सांभाळायचे काम माझ्याकडे द्या, एवढेच मागणे.

गणपती बाप्पा मोरया!