दगडांची ओळ आणि मालकाची जबाबदारी



रात्री हमरस्त्याने प्रवास करणाऱ्याला एक दृश्य परिचयाचे असते. मालाने भरलेला ट्रक टायर फुटून वाटेतच उभा असतो. त्याच्या मागे दगडांची ओळ मांडलेली असते आणि बाभळीची एखादी फांदी टाकलेली असते. चालक व क्लीनर यांनी आपल्या परीने दिलेला तो इशारा होय. परंतु दगड अंधारात चमकत नाही. शिवाय ट्रक दुरुस्त होऊन निघून गेला तरी पुष्कळदा दगड तेथेच राहतात आणि मागाहून येणाऱ्या सायकलस्वाराच्या जिवावर उठतात.

हा चालकाचा अडाणीपणा, असे म्हणून सुशिक्षित समाज मोकळा होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारे वाहन सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. धोका ध्यानी येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंतच तेवढे अंतर सरते. वाहन थांबण्यास आणखी कितीतरी लागते. म्हणून इशारा बंद वाहनापासून बराच अलीकडे हवा आणि दुरून दिसणारा हवा. त्यासाठी साधन लागते. केवळ सद्‌बुद्धी पुरत नाही.

अमेरिकेच्या संघराज्य नियमांत हा हिशेब मांडलेला आहे. तेथे मालवाहू ट्रकमध्ये तीन परावर्तक त्रिकोण किंवा त्यांऐवजी इशाऱ्याच्या मशाली असाव्याच लागतात. वाहन बंद पडताच इशारादिवे लुकलुकते ठेवायचे आणि दहा मिनिटांच्या आत त्रिकोण मांडायचे. दुभाजक असलेल्या महामार्गावर ते येणाऱ्या वाहतुकीच्या दिशेने सुमारे ३, ३० व ६० मीटर अंतरावर ठेवतात. ज्वालाग्राही द्रव वाहणाऱ्या टँकरला मशाली निषिद्ध आहेत. महत्त्वाचे हे की, साधनांवाचून वाहन रस्त्यावर न पाठविण्याचे बंधन वाहतूक कंपनीवरही आहे.

भारतीय नियमांतही इशारा-त्रिकोणाची तरतूद आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२२ वे कलम धोकादायक रीतीने वाहन उभे ठेवण्यास मनाई करते. बंद वाहनाने वाहतूक अडविल्यास २०१ व्या कलमान्वये दंड होतो. २०१९ च्या दुरुस्तीने तो ५०० रुपयांपर्यंत वाढविण्यात आला. पण रस्त्यावर पोलिसासमोर उभा असतो तो चालक. साधन न देता ट्रक रवाना करणारा मालक त्या वेळी आपल्या गादीवर असतो.

लहान मालकाला हा खर्च परवडणार नाही, असा युक्तिवाद होईल. तीन त्रिकोणांची किंमत ट्रकच्या एका टायरइतकीही नाही. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. उभ्या वाहनावर आदळून गेलेले बळीही त्यांत आहेत. त्यांच्या मृत्यूचा खर्च कोणत्या वहीत मांडावयाचा?

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. त्रिकोण मालकाने स्वखर्चाने द्यावेत. त्यांचे पैसे चालकाच्या पगारातून कापू नयेत. माल भरतानाच त्यांची तपासणी व्हावी आणि ते कसे मांडावेत याचे शिक्षण चालकाबरोबर क्लीनरलाही मिळावे. साधन नसेल तर पहिला दंड मालकाला व्हावा. कामगार संघटनांनी वेतनाच्या मागणीपत्रात हे कलम घातले पाहिजे. काळोखात दगड गोळा करीत फिरणारा श्रमिक आपले कर्तव्य करीतच आहे. कर्तव्य चुकले आहे ते त्याला रिकाम्या हातांनी पाठविणाऱ्यांचे.