'गाठ दिसत नाही' म्हणजे काय?

परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथे सकाळी दाराशी उभे राहिले, की सारा महाराष्ट्र दिसतो. कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेला, कोणी रस्त्याकडेलाच पथारी टाकलेला. हातात मात्र प्रत्येकाच्या कागदांची पिशवी. त्यांतल्या एकाच कागदाविषयी आज बोलायचे आहे: 'बी' काविळीच्या रुग्णाच्या यकृताची सोनोग्राफी. (सोनोग्राफी म्हटले की आपल्याला बाळंतपणच आठवते!) मी वैद्य नव्हे, संख्याशास्त्र शिकवतो, पण हा प्रश्न निम्मा हिशेबाचाच आहे.

ही कावीळ पाण्यातून येत नाही. तिचा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि जन्माच्या वेळी आईकडून मुलाला जातो. काहींच्या अंगात तो वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतो. डोळे पिवळे नाहीत, दुखणे नाही. पुढे यकृत निबर होते, त्याला सिरोसिस म्हणतात. परंतु 'बी'ची खोड अशी, की निबर होण्याआधीही यकृतात कर्करोगाची गाठ धरू शकते. म्हणून सिरोसिस झालेले, घरात कोणाला हा कर्करोग झालेले, तसेच साधारण चाळिशीपुढचे पुरुष आणि पन्नाशीपुढच्या स्त्रिया, अशा रुग्णांना डॉक्टर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सांगतात.

आता कागदावर आले, 'गाठ दिसत नाही'. माणूस देवापुढे नारळ फोडतो आणि पुन्हा दवाखान्याकडे फिरकत नाही. येथेच घात होतो. सिरोसिसच्या रुग्णांवरील अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१८ साली प्रसिद्ध झाला. कर्करोग प्राथमिक अवस्थेत असलेल्या शंभर जणांपैकी नुसत्या सोनोग्राफीत सुमारे ४५ सापडतात; जोडीला रक्तातील ए.एफ.पी. तपासले तर ६३. म्हणजे 'दिसत नाही' याचा अर्थ 'नाही' असा होत नाही. यकृताचा वरचा भाग बरगड्यांआड दडतो, चरबी आणि पोटातला वायू आड येतो. निबर यकृत तर मुळातच खडबडीत. ढेकळांच्या रानात एक खडा शोधावा, तसे ते काम. तपासणाऱ्याचा हातही सरावलेला हवा.

मग पैसे का घालवायचे, असे कोणी विचारील. शांघायमध्ये १९९३ पासून १८,८१६ माणसांवर एक चाचणी झाली. ही सारी 'बी'ची बाधा किंवा जुनाट यकृतदाह असलेली. एका गटाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि ए.एफ.पी. होई. ठरलेल्या तपासण्यांपैकी जेमतेम ५८ टक्केच पार पडल्या, तरीही त्या गटात यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी भरले. एका खेपेला निसटलेली गाठ पुढच्या खेपेला सापडू शकते. जाळे विरळ असले तरी ते पुन्हापुन्हा टाकायचे असते.

उलट बाजूही आहे. डाग दिसला म्हणजे कर्करोगच, असे नव्हे. रक्तवाहिन्यांचे निरुपद्रवी गुंतेही तसेच दिसतात. एक सेंटिमीटरहून लहान डाग सहसा तीन महिन्यांनी पुन्हा पाहतात. मोठा असेल तर शिरेतून औषध देऊन सी.टी. किंवा एम.आर.आय. करतात.

तपासणीला जाताना काही तास उपाशीपोटी जावे आणि जुने कागद बरोबर न्यावेत. शिक्षकबंधूंनी गावातल्या अशा रुग्णाची पुढली तारीख त्याच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून द्यावी. आणि विषाणूवरच्या गोळ्या चालू आहेत म्हणून ती तारीख खोडू नये. गोळ्यांनी धोका कमी होतो, संपत नाही.