आनंदवनाची माय : साधनाताई आमटे



आज आम्ही तुम्हांला नागपूरच्या एका लेकीची हकीकत सांगणार आहोत. बाबा आमट्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांच्या घरधनीण साधनाताई. लोक बाबांचे फोटो भिंतीला लावतात आणि ताईंना विसरतात. आम्हांला हे बरे वाटत नाही.

ताईंचा जन्म 1926 साली नागपूरला घुले यांच्या घरी झाला. माहेरचे नाव इंदू. घर जुन्या वळणाचे, सोवळेओवळे कडक. त्या घरी लग्नकार्य होते. पाहुण्यांत बाबाही होते, पण ते तेव्हा दाढीजटा वाढवून साधूसारखे राहत. लग्न करायचे त्यांच्या मनातही नव्हते. त्यांनी काय पाहिले? घरात सगळी धामधूम चालली आहे, आणि एक तरुण मुलगी हळूच बाजूला जाऊन म्हाताऱ्या मोलकरणीला धुणे धुवू लागते आहे. कोणी सांगितले नव्हते. कोणी पाहावे असेही नव्हते. बाबांनी तिथेच ठरवले, लग्न करीन तर हिच्याशी.

आता विचार करा, अशा साधूला मुलगी कोण देईल? पण इंदूनेच होकार दिला. 18 डिसेंबर 1946 ला लग्न झाले आणि इंदूची साधना झाली.

बाबा जमीनदाराचे पोर. वकिली शिकलेले. पण सासरी ताईंना वाडा मिळाला नाही, दागदागिने मिळाले नाहीत. वरोऱ्याला बाबांनी श्रमाश्रम काढला होता. सगळ्या जातीची माणसे तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत. सोवळ्याच्या घरातली मुलगी त्या पंगतीत जाऊन बसली. हे सांगायला सोपे आहे. तुम्ही आम्ही आपल्या आळीत करून पाहावे म्हणजे कळते!

मग तुळशीरामची गोष्ट झाली. पावसात रस्त्याच्या कडेला एक महारोगी पडला होता. बोटे झडलेली, जखमांत किडे. बाबा भ्यायले आणि पळाले. कोणाला न भिणारा माणूस, पण तेव्हा भ्याला. मग स्वतःचीच लाज वाटून परत फिरले आणि तो मरेपर्यंत त्याची सेवा केली. यापुढे याच कामाला लागायचे असे त्यांच्या मनाने घेतले. पण घरात दोन तान्ही पोरे होती, विकास आणि प्रकाश. त्या काळी महारोग्याची सावलीही लोक टाळीत. अशा वेळी बाईने नाही म्हटले असते तर कोण तिला दोष देणार होते? ताईंनी होकार दिला. आमच्या मते आनंदवनाचा पाया त्या होकारात आहे.

1951 साली वरोऱ्याजवळ पन्नास एकर जागा मिळाली. जमीन म्हणावी अशी नव्हतीच ती. नुसता खडक आणि झुडपे. विंचूसाप पायांत येत, रात्री जनावरांचे भय. हाताशी काय? सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. मोठा मुलगा साडेतीन वर्षांचा, धाकटा अडीच वर्षांचा. तिथे ताईंनी चूल मांडली. किती जणांचा स्वयंपाक, किती जणांचे दुखणे, याचा हिशेब कोणत्या वहीत लिहिलेला नाही. सुरुवातीला गावातले लोक आनंदवनाची भाजी विकत घेत नसत. रोग्याने पिकवलेली ना! पुढे तीच जागा हिरवी झाली. शाळा झाली, कॉलेज झाले, आंधळ्यापांगळ्यांना हाताला काम मिळाले.

ताई देवपूजा करणाऱ्या होत्या. बाबांचा पूजेअर्चेवर भर नव्हता. तरी एक संसार साठ वर्षांवर चालला. काही जण म्हणतात, बिचारी नवऱ्यामागे फरफटली. आम्हांला तसे वाटत नाही. फरफटणारे माणूस तोंड पाडून चालते. रेणुका ही मुलगी त्यांनी मायेने आपली म्हणून वाढवली. दोन्ही मुलगे डॉक्टर झाले. शहरात दवाखाना थाटता आला असता. विकासराव आनंदवनातच राहिले. प्रकाशराव आणि सूनबाई मंदाकिनी 1973 साली भामरागडच्या जंगलात, हेमलकशाला, माडिया लोकांत गेले. म्हातारपणी बाबांची पाठ पार गेली, त्यांना बसता येईना. तरी ते नर्मदेकाठी जाऊन राहिले, आणि ताईही तिथे गेल्या.

बाबा 9 फेब्रुवारी 2008 ला गेले. ताई 9 जुलै 2011 ला आनंदवनातच गेल्या.

जाता जाता कामाचे एक सांगतो. ताईंच्या तरुणपणी या रोगाला नीट औषध नव्हते. आता आहे. अंगावर फिकट चट्टा दिसला, तिथे टोचलेले कळत नसेल, तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. सहा महिने किंवा वर्षभर घ्याव्या लागतात, आणि माणूस बरा होतो. हा रोग मागल्या जन्माच्या पापाने होत नाही. जंतूने होतो.

ताईंनी आपली हकीकत स्वतः लिहिली आहे. पुस्तकाचे नाव ‘समिधा’. होमात टाकतात त्या लाकडाला समिधा म्हणतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पुढच्या शनिवारी ते पुस्तक वर्गात आणू आणि पाळीपाळीने वाचू. ज्यांना चष्मा लागतो त्यांनी तो घरी विसरू नये.